हंपी: वारकरी आईला विठ्ठल मंदिर दाखवायचंय, चालणं झेपेल का?

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आईला हंपीला न्यायचं म्हणतेय. आईचं वय बहात्तर. आमच्या गावच्या दिंडीतून तिनं एकोणीस वर्षं आळंदी ते पंढरपूर पायी वारी केली. दोन वर्षांपूर्वी उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि वारी थांबली. सपाटीवर अर्धा तास सहज चालते, पायऱ्या उतरताना मात्र हात धरावा लागतो.

हंपी हे नाव तिच्या तोंडात नाही. ती आनागोंदी म्हणते, नदीपलीकडच्या जुन्या गावाच्या नावानं. कीर्तनात लहानपणापासून ऐकलेली गोष्ट आहे: विजयनगरच्या राजानं पंढरपूरची मूर्ती आपल्या राज्यात नेली आणि पैठणचे भानुदास महाराज ती परत घेऊन आले. राजानं देवाच्या गळ्यात घातलेला हार भानुदासांकडे सापडला, चोरीचा आळ आला, सुळावर द्यायला नेलं आणि त्या सुळाला पालवी फुटली. आई ही गोष्ट सांगताना आजही पालवीपाशी थांबते, डोळे पुसते आणि मग पुढे जाते. "माझा देव परमुलखात कुठं राहिला होता ते मला बघायचंय." एवढंच तिचं म्हणणं.

बरोबर माझा बारा वर्षांचा मुलगा आहे. पन्नासच्या नोटेवरचा दगडी रथ खरा कसा दिसतो हे त्याला बघायचंय. त्याचा आणखी एक प्रश्न आहे, ज्याचं उत्तर मला देता आलं नाही: एवढं मोठं शहर लोक सोडून गेले म्हणजे नेमकं काय झालं?

मिरजेहून हरिप्रिया एक्सप्रेसनं होस्पेटला जाणार. हातात दोन पूर्ण दिवस आहेत. इंटरनेटवर बघितलं तर दोन दिवसांत पंचवीस-तीस ठिकाणं लिहिलेली दिसतात. ते वाचून छातीत धडकीच भरली. विठ्ठल मंदिरापर्यंत गाडी जाते का? आत मूर्ती नाही हे खरं का? आणि तसं असेल तर आईला आधी सांगावं की तिथं गेल्यावर कळू द्यावं?

हुबळीची सून

ताई, जरूर न्या. आम्ही सासूबाईंना घेऊन गेलो होतो, त्यांना संधिवात आहे.

हरिप्रियानं उतरेपर्यंत रात्र होते, तेव्हा पहिला मुक्काम होस्पेटलाच करा. तिथून हंपी तेरा किलोमीटर आहे. दिवसभराची रिक्षा ठरवा आणि रिक्षावाल्याला आधीच सांगा की आजी बरोबर आहेत, घाई नको. ही माणसं फार समजूतदार असतात.

विठ्ठल मंदिराच्या दारापर्यंत खासगी गाडी जात नाही. साधारण किलोमीटरभर आधी वाहनतळ आहे, तिथून बॅटरीवरच्या गाड्या सोडतात. त्यातल्या बऱ्याच गाड्या गावातल्या बायका चालवतात. सुट्टीच्या दिवशी रांग लागते, म्हणून सकाळीच जा. विठ्ठल मंदिर, कमळ महालाचा परिसर आणि कमलापूरचं संग्रहालय या तिन्हीकडे एकच तिकीट त्याच दिवशी चालतं, ते फेकू नका. संग्रहालय शुक्रवारी बंद असतं. तिथे सगळ्या हंपीची मोठी प्रतिकृती जमिनीवर मांडलेली आहे, मुलाला ती आधी दाखवली की पुढचं सगळं उलगडत जातं.

विरूपाक्ष मंदिरात पूजा चालू आहे, तिथे चपला काढाव्या लागतात. अकरानंतर फरशी चटके देते. आईंसाठी जाड मोजे घ्याच. आणि नदीतल्या गोल टोपलीत, हरिगोलात, आईंना बसवू नका. ती पाण्यावर हलत असते, बसताना खूप वाकावं लागतं, उठताना गुडघ्यावर सगळा भार येतो.

बंधारा

ताई, मी मिरजेचा. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं काढली. हंपीला पहिल्यांदा २००३ साली गेलो, त्यानंतर पाच वेळा. त्यातली एक खेप वडिलांना घेऊन केली होती. ते तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते, तेही माळकरी. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

वडिलांच्या वेळी मी जी चूक केली ती तुम्ही करू नका. त्यांना विठ्ठल मंदिर बघायचं होतं. मी म्हटलं, ते शेवटी निवांत बघू, आधी वाटेतलं उरकून घेऊ. सकाळपासून नऊ ठिकाणं हिंडवली त्यांना. विठ्ठल मंदिरात पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. ते रथासमोरून चालत देवळाच्या पायरीशी गेले, तिथे टेकले, आणि दहा-पंधरा मिनिटांत पहारेकरी शिट्ट्या वाजवत सगळ्यांना बाहेर काढायला लागला. "थोडं बसू दे की रे," एवढंच ते म्हणाले. मी त्यांना उठवून आणलं. पुढच्याच वर्षी ते गेले. हंपीचं नाव निघालं की मला ते वाक्य आठवतं.

तेव्हा पहिल्या दिवशी सकाळी, फाटक उघडताच, विठ्ठल मंदिर. त्या सकाळी दुसरं काहीही ठेवू नका. आईंना जितका वेळ बसायचं असेल तितका बसू द्या.

मूर्ती नाही, हे खरं. गाभारा रिकामा आहे. आईंना हे आधीच सांगा असं माझं मत आहे, कारण त्यांच्या गोष्टीप्रमाणे तो रिकामाच असायला हवा. देव भानुदासांबरोबर घरी गेला. माझे वडील तर रिकामा गाभारा बघून म्हणाले होते, बघ, खरंच नेला. इतिहासाच्या अंगानं बोलायचं तर एक गोष्ट नोंदवतो. देवळातला झोपाळ्याचा मंडप, उय्याले मंडप, १५५४ साली बांधल्याची नोंद आहे. भानुदास हे एकनाथांचे पणजोबा, ते त्याआधीचे. म्हणजे देव पंढरीला परतल्यानंतरही इथे उत्सव चालू होते, देवाला झोपाळ्यावर बसवत होते. पंढरपूरची मूर्ती इथे आल्याचा कोरीव लेख मला कुठे वाचायला मिळाला नाही. ती आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेली गोष्ट आहे. पण तुंगभद्रेच्या काठी, कानडी मुलखाच्या राजधानीत, एवढं थोरलं देऊळ आपल्या विठोबाचं असावं, हे तर दगडात उभं आहे. त्याच्याजवळच नदीकाठी कानडी संतकवी पुरंदरदासांचा मंडप आहे. आपल्याकडे त्यांना पुरंदर गडाशी जोडतात, कर्नाटकात आता त्यांचं मूळ शिवमोग्ग्याकडचं मानतात. त्यांच्या प्रत्येक पदाच्या शेवटी मात्र पुरंदर विठ्ठल येतो. आईंचे पाय चालत असतील तर तिथवर न्या, नसतील तर राहू द्या. वाट खडकाळ आहे.

आवारात मुलाला दोन गोष्टी दाखवा. रथ म्हणजे खरं तर गरुडाचं देऊळ आहे. पुढे जे दोन हत्ती आहेत ते नंतर आणून ठेवलेले. त्या हत्तींच्या मागे नीट बघितलं तर आधीच्या घोड्यांचे मागचे पाय आणि शेपट्या शिल्लक दिसतात. रथावर पूर्वी विटांचं शिखर होतं, १८५६ साली काढलेल्या फोटोत ते दिसतं. आणि सुरांचे खांब म्हणतात त्यांना हात लावू देत नाहीत ते योग्यच आहे. इतकी वर्षं लोकांनी दगडानं, किल्ल्यांनी ठोकून ठोकून ते झिजवले. मोठ्या मंडपात कधी आत सोडतात, कधी दोर लावलेला असतो. मनाची तयारी ठेवा. देवळासमोर जवळजवळ किलोमीटरभर लांब बाजारपेठ आहे, दोन्ही बाजूंना नुसते दगडी खांब. बॅटरीची गाडी त्या बाजूनंच जाते.

दुपारी जेवून आराम. संध्याकाळी हेमकूट टेकडी. चढ सौम्य आहे, सगळा सपाट कातळ आहे, आईंना हात धरून जमेल. वरून विरूपाक्षाचं गोपूर समोरच दिसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजवाड्याचा भाग. इथे मला थांबवलं नाही तर मी दिवसभर बोलेन. हंपीला लोक देवळांचे अवशेष बघतात, मी पाणी बघतो. १९८०च्या दशकात उत्खननात सापडलेली पायऱ्यांची पुष्करणी आहे, काळसर दगडाची. तिच्या दगडांवर खुणा कोरलेल्या आहेत, कुठला दगड कुठल्या बाजूला, कितव्या ओळीत बसवायचा याच्या. आम्ही साइटवर फर्म्यांना नंबर टाकायचो तसंच. म्हणजे दगड दुसरीकडे घडवून इथे जुळवले. पुष्करणीत पाणी आणणारी दगडी पन्हळ खांबांवर पेललेली आहे, मुलाला ती शेवटपर्यंत चालत बघू द्या. आईंनी वर काठावरच बसावं, त्या पायऱ्या उतरायच्या नाहीत. रस्त्याच्या कडेला एक पाट आहे, त्याच्या दोन्ही काठांना दगडात कोरलेली जेवणाची ताटं आहेत, वाट्यांसकट. मधून पाणी वाहायचं. कोण जेवत असेल तिथे, शिपाई की यात्रेकरू, मी दर वेळी तिथे उभा राहून विचार करतो.

आणि हंपीत शिरताना केळीच्या बागा लागतील. त्यांना पाणी देणारे कालवे विजयनगरच्या काळातले आहेत. नदीत दगडी बंधारे घालून काढलेला तुर्तू कालवा आजही वाहतो. राजवाड्याचे लाकडी मजले जळून गेले, दगडी जोती तेवढी उरली, पण त्या शेतकऱ्याच्या वाफ्यात पाणी अजून येतंय. शहर ओसाड झालं म्हणतात तेव्हा मला ही बाब सांगावीशी वाटते.

महानवमीचा चबुतरा खालूनच बघा. त्याच्या दगडांवर घोडे, हत्ती, शिकारी, नाचणाऱ्या बायका कोरल्या आहेत आणि हे सगळं डोळ्यांच्या उंचीवर आहे. मातंग टेकडी आणि पलीकडचा अंजनाद्री आईंसाठी बाद. अंजनाद्रीला ५७५ पायऱ्या आहेत. हनुमानाचं जन्मस्थान म्हणून त्यांना ओढ वाटेल, पण खालून हात जोडू द्या.

विरूपाक्षासमोरच्या बाजारात मी २००३ साली एका बाईंच्या घरी इडली खायचो. जुन्या मंडपातच त्यांनी चूल मांडली होती, मुलं तिथेच अभ्यास करायची. २०११ साली त्या मंडपांतली घरं-दुकानं हलवली, माणसं जवळच्या वस्तीत गेली. नंतरच्या खेपेला रस्ता मोकळा आणि स्वच्छ होता. खांब नीट दिसत होते. मला मात्र तो बाजार माणसांसकट आवडत होता, हे प्रामाणिकपणे सांगतो.

नगरी

भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, कारण त्यात आमच्या नगरचाही हात आहे.

२३ जानेवारी १५६५ रोजी कृष्णेच्या बाजूला मोठी लढाई झाली. तिला तालिकोटची म्हणतात, राक्षस-तंगडीचीही म्हणतात. एका बाजूला विजयनगरचा रामराय, दुसरीकडे विजापूर, अहमदनगर, गोवळकोंडा आणि बिदर हे चार सुलतान एकत्र. रामराय वयोवृद्ध होता. तो पकडला गेला आणि आमच्या हुसेन निजामशहानं त्याचं शिर उतरवलं. त्याआधी काही वर्षं रामरायानं विजापूरला हाताशी धरून नगरवर स्वारी केली होती, तो राग होताच. शाळेत हे सुटं सुटं शिकवलं जातं. पण कोण कुणाच्या बाजूनं होतं हे दर काही वर्षांनी बदलत होतं, हे मुलाला जरूर सांगा.

आता शहर का सुटलं. रामरायाचा भाऊ तिरुमल खजिना हत्तींवर लादून पेनुकोंड्याला निघून गेला. राजा गेला, फौज गेली, खजिना गेला. मागे राहिलेल्या शहराची कित्येक महिने लूट झाली. १५६७ साली चेझारे फेदेरिची नावाचा व्हेनिसचा व्यापारी तिथे पोचला. घरं उभी आहेत पण रिकामी, आत वाघ आणि जंगली जनावरं राहतात असं लोक सांगतात, असं त्यानं लिहून ठेवलंय. म्हणजे भिंती एका दिवसात पडल्या नाहीत. ज्या सोनाराचं गिऱ्हाईक दरबारी होतं, ज्या देवळाला राजाकडून गावं इनाम होती, ज्या व्यापाऱ्याचे घोडे राजा विकत घ्यायचा, त्या सगळ्यांचं तिथे राहण्याचं कारण संपलं. कारण संपलं की माणूस परत येत नाही. मला वाटतं शहर ओस पडायला लुटीपेक्षा हे जास्त कारणीभूत झालं.

त्याच्या चाळीस-पंचेचाळीस वर्षं आधी, १५२०च्या सुमारास, डोमिंगो पायस नावाच्या पोर्तुगीज माणसानं हेच शहर भरलेलं बघितलं होतं. त्याला ते रोमइतकं मोठं वाटलं. बाजारात हिरे, माणकं, मोती मांडलेले त्यानं पाहिले. मुलाला सांगा, त्या रिकाम्या खांबांच्या रांगेत उभं राहून ही दोन माणसं डोळ्यांसमोर आणायची, आधी पायस आणि मग फेदेरिची.

कोयनाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. बंधाराकाका, तुमच्या वडिलांचं वाचून मी बराच वेळ पुढचं वाचू शकले नाही. आईला काल सगळं वाचून दाखवलं. गाभारा रिकामा आहे म्हटल्यावर ती एवढंच म्हणाली, "मग तर गेलंच पाहिजे."

एकच विचारते. दोर लावलेला असेल आणि आत सोडलं नाही, तर तिला कुठं बसवू?

बंधारा

देवळाच्या जोत्याला चारी बाजूंनी घोडे आणि माणसं कोरलेली आहेत. सकाळी पूर्वेकडून ऊन येतं, म्हणून पश्चिमेच्या अंगाला, देवळाच्या मागे सावली असते. तिथे गर्दीही नसते, सगळे रथापाशी फोटो काढत असतात. पाण्याची बाटली आणि बसायला घोंगडीची घडी न्या, दगड सकाळी गार असतो. आणि माझ्या वतीनं पायरीला एकदा हात लावा.

कोयनाकाठ

मंडळी, परवा परतलो. सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पहिल्या दिवशी सकाळी वाहनतळावर पोचलो तेव्हा आमच्यापुढे चौघंच होते. बॅटरीची गाडी एक तिशीतली बाई चालवत होती. आईच्या गळ्यातली माळ बघून तिनं हिंदीत विचारलं, कुठून आलात. आई म्हणाली, पंढरपूर. आम्ही कराडचे, पण आईनं पंढरपूरच सांगितलं. त्या बाईनं स्टिअरिंगवरचा एक हात काढून कपाळाला लावला. तिचे सासरे दर कार्तिकीला पंढरपूरला जातात. वाटभर दोघी कुठल्या भाषेत बोलत होत्या मला कळलं नाही. विठ्ठल, चंद्रभागा, गर्दी असे शब्द तेवढे ऐकू येत होते.

मोठ्या मंडपाला त्या दिवशी दोर लावलेला होता. आई पायरीपाशी गेली. पंढरपुरात नामदेवाच्या पायरीला ती जशी टेकते, तशीच वाकायला गेली. गुडघा वाकेना. मी आणि मुलानं दोन्हीकडून धरलं, आणि तिनं डोकं टेकवलं. पहारेकरी बघत होता, काही बोलला नाही. बंधाराकाका, तुमच्यासाठी मी हात लावला. आईनं तुमच्या वडिलांचं नाव विचारलं, मला माहीत नव्हतं, तर तिनं "मिरजेचे माळकरी" असं म्हणून पुन्हा एकदा हात लावला.

मग मागच्या बाजूला घोंगडीवर बसली. एक तास दहा मिनिटं. भानुदासांचा एक अभंग तिला पाठ आहे तो अगदी हळू म्हटला. पदराला घरची तुळशीची मंजिरी बांधून आणली होती, ती हातात धरून बसली आणि निघताना तशीच पदराला परत बांधली. मी विचारलं, ठेवली का नाहीस? म्हणाली, "इथं कुणाला वाहू? घरी आहे त्यालाच वाहीन."

मुलानं रथाच्या हत्तींमागचे घोड्यांचे पाय शोधले आणि ओळख नसलेल्या चार कुटुंबांना नेऊन दाखवले. दुसऱ्या दिवशी पुष्करणीच्या दगडांवरच्या खुणा वहीत उतरवून घेतल्या. पन्हळ शेवटपर्यंत चालत गेला. दगडी ताटांशी बराच वेळ उभा होता, तिथे बसून डबा खायचा हट्ट धरला. रस्त्याच्या पलीकडे झाडाखाली बसून खाल्ला. गुडघ्याचा त्रास झाला नाही. हेमकूटावर निम्म्यापर्यंत गेलो, तेवढं पुरलं.

विठ्ठल मंदिरातून निघायच्या वेळी आईनं विचारलं, "देव इथून निघाला तो कुठल्या अंगानं गेला असेल?" मुलानं मोबाइलवर दिशा काढली आणि नदीकडे, वायव्येला हात केला. मग तिनं विचारलं, पंढरपूर इथून किती. त्यानं रस्त्याचं अंतर काढलं, सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. आळंदीहून अडीचशे. ती बोटांवर मोजायला लागली. पहिला मुक्काम नदी ओलांडून आनागोंदीत. मग कृष्णा, मग भीमा. नदी भरलेली असेल तर दोन दिवस काठावर. डोईवर देव आहे, म्हणजे दिवसाला चार कोसांवर जाणं नाही. एकादशी सोडून. गाडी आली, आम्ही तिला हात देऊन बसवलं, तरी तिचं मोजणं चालूच होतं. वाहनतळावर उतरताना म्हणाली, "सत्तावीस दिवस लागले असतील बघ."